टेक्सासमध्ये कोड एन्फोर्समेंट ऑफिसर व्हायचं आहे: नोंदणी, परीक्षा, नूतनीकरण

कोयनाकाठ

नमस्कार मंडळी. मी मूळची कराडची, सिव्हिलची पदवी, लग्नाआधी सहा वर्षं साइटवर काम केलंय. डॅलसच्या जवळ राहते. ग्रीन कार्ड झाल्यापासून काम शोधतेय. आमच्या शहराच्या संकेतस्थळावर कोड एन्फोर्समेंट ऑफिसरची, म्हणजे घरं-अंगणं नियमांप्रमाणे ठेवली आहेत का ते तपासणाऱ्या अधिकाऱ्याची, जाहिरात दिसली. त्यात लिहिलंय की टीडीएलआरची नोंदणी हवी, किंवा ठरावीक मुदतीत मिळवता यायला हवी. म्हणजे आधी कागद मिळवायचा की आधी नोकरी? परीक्षेला काय वाचायचं? आणि हे दर दोन वर्षांनी नव्यानं करायचं प्रकरण काय आहे? घरात म्हणतात, लोकांच्या अंगणातलं गवत मोजायचं काम आहे, कशाला जातेस. इथे कुणी या कामात असेल तर कृपया सविस्तर लिहा.

मृण्मयी_टेक्सास

कोयना, मी आहे या कामात, नऊ वर्षं झाली. मी अमरावतीची. इथे आल्यावर आधी एका शहराच्या परमिट काउंटरवर बसायचे, अर्ज तपासून शिक्के मारायचे. तिथून कोडमध्ये आले. (आम्ही सगळे नुसतं 'कोड'च म्हणतो.) जमेल तेवढं लिहिते, एका बैठकीत नाही झालं तर परत येईन.

आधी टीडीएलआर म्हणजे काय ते. टेक्सास डिपार्टमेंट ऑफ लायसन्सिंग अँड रेग्युलेशन. हा कार्यक्रम आधी राज्याच्या आरोग्य खात्याकडे होता, नोव्हेंबर 2017 मध्ये इकडे आला. जुन्या पुस्तकांत, जुन्या चर्चांत आरोग्य खात्याचे अर्ज आणि पत्ते सापडतील, त्यावर जाऊ नकोस. कायदा म्हणजे टेक्सासच्या ऑक्युपेशन्स कोडचं (व्यवसायांच्या कायद्याचं) प्रकरण 1952. तो एकदा पूर्ण वाचून काढ, छोटा आहे, चहा संपायच्या आत होतो. नोंदणी नसताना स्वतःला 'कोड एन्फोर्समेंट ऑफिसर' म्हणवून घेता येत नाही, हे त्यातलं मुख्य.

आता तुझा प्रश्न. नोंदणी दोन प्रकारची. एक पूर्ण ऑफिसरची, दुसरी ऑफिसर-इन-ट्रेनिंगची. 36 तासांचं प्रशिक्षण आणि परीक्षा दोघांनाही आहे. फरक अनुभवाचा. पूर्ण नोंदणीला या क्षेत्रातला एक वर्षाचा पूर्णवेळ अनुभव लागतो, ट्रेनिंगवाल्याला तो नसला तरी चालतं, पण काम नोंदणीकृत ऑफिसरच्या देखरेखीखाली करायचं. म्हणजे अनुभवासाठी नोकरी हवी आणि नोकरीसाठी कागद हवा, या कोड्यातून बाहेर पडायची वाट कायद्यानंच ठेवली आहे. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: आत्ता अर्ज कर. जाहिरातीतलं 'ठरावीक मुदतीत मिळवता यायला हवी' हे वाक्य तुझ्यासारख्यांसाठीच असतं. पुष्कळ शहरं घेतल्यावर 36 तासांचा खर्च स्वतः करतात. मुलाखतीत ते विचारायला लाजू नकोस. मी लाजले होते आणि पहिला कोर्स पदरच्या पैशानं केला.

कोर्स कुठे? टेक्सास ए अँड एमचं टीक्स म्हणून प्रशिक्षण केंद्र आहे, बरेच जण तिथून करतात. कोड एन्फोर्समेंट असोसिएशन ऑफ टेक्सास ही आपल्याच पेशातल्या लोकांची संघटना आहे, त्यांचेही वर्ग आणि वार्षिक परिषद असते. दुसरं कुणी स्वस्तात देत असेल तर पैसे भरण्याआधी ते टीडीएलआरमान्य आहेत का एवढं बघ. हे मी ठासून का सांगतेय ते पुढे कळेल.

साइटवरचा तुझा अनुभव फुकट जाणार नाही. आपण सिव्हिलवाले भिंतीतली चीर बघून सांगू शकतो की ती प्लॅस्टरची आहे की पाया खचल्याची. इथली माती पाणी लागलं की फुगते आणि उन्हाळ्यात आवळते, पायाच्या तक्रारी रोजच्या. पण परीक्षेत अडकशील ती बांधकामात नाही, शब्दांत आणि मुदतीत. गवताच्या नोटिशीला राज्याच्या कायद्यात सात दिवस, भंगार गाडीच्या नोटिशीला दहा. गवत 48 इंचांच्या वर गेलं आणि त्यातून जिवाला, आरोग्याला तातडीचा धोका असला तर शहर नोटिशीआधीच कापू शकतं, नोटीस नंतर. 'प्रिमायसेस' म्हणजे काय, 'न्यूसन्स' (लोकांना उपद्रव) कशाला म्हणायचं, 'इमिनंट डेंजर' (अगदी जवळ आलेला धोका) आणि साधा 'अनसेफ' यांत फरक काय, यावर प्रश्न येतात.

मला सगळ्यांत त्रास झाला तो इंचांचा. डोक्यात मिलिमीटर पक्के बसलेले. शेवटी मी स्वयंपाकघरातल्या भिंतीला मोजपट्टी चिकटवली आणि तिच्यावर खुणा केल्या. 30 इंच: पायाखालची जागा एवढ्याहून जास्त उंच असेल तर कठडा हवा. 30 ते 42: जिन्याच्या हातकठड्याची उंची. 48: पोहण्याच्या तलावाभोवतीच्या कुंपणाची किमान उंची. 54: तलावाच्या फाटकाची कडी याच्या खाली असेल तर ती उघडायची कळ आतल्या, पाण्याच्या बाजूला हवी. हे आकडे इंटरनॅशनल प्रॉपर्टी मेंटेनन्स कोडमधले, म्हणजे इमारतींच्या देखभालीच्या नमुना नियमांतले आहेत. शहरं तो कोड स्वीकारताना थोडेफार बदल करतात, म्हणून आपल्या शहराचा ठराव शेजारी ठेवूनच वाच. खोलीचं क्षेत्रफळ पण पाठ कर: बेडरूम किमान 70 चौरस फूट, एकाहून जास्त माणसं झोपत असतील तर माणशी 50. भाजी चिरता चिरता त्या भिंतीकडे बघून माझे आकडे पाठ झाले.

गवत मोजायचं काम, हे खरं आहे. आमच्या शहरात मर्यादा 12 इंच आहे आणि मी गवताला पट्टी लावून फोटो काढते, पट्टीवरचा आकडा दिसेल असा. पण त्या गवताच्या मागे कोण राहतं हेही दिसतं. एका घरी तीनदा नोटीस लावली, काही हालचाल नाही. चौथ्यांदा शेजारणीशी बोलले तर कळलं, आजोबा एकटे आहेत, आजी हॉस्पिटलात, गवत कापायचं यंत्र बिघडलेलं. आमच्या शहरात चर्चच्या स्वयंसेवकांची यादी असते. शनिवारी चार मुलं येऊन कापून गेली. फाइल बंद, दंड नाही. दंड हा आमच्या कामातला सगळ्यांत शेवटचा भाग आहे, हे घरी सांग.

सातपुडा

ताई, फार उपयोगी लिहिलंत. मी इकडे एका महापालिकेत कनिष्ठ अभियंता, सध्या अतिक्रमण विभागात. आमच्याकडे बेकायदा बांधकामाला एमआरटीपीच्या (राज्याच्या नगररचना कायद्याच्या) कलम 53ची नोटीस, मुंबईत असाल तर तिथल्या महापालिका कायद्याचं 351 आणि धोकादायक इमारतीला 354. स्थळपाहणी, पंचनामा, फोटो, सुनावणी, सगळं करतो. पण या कामाची वेगळी परीक्षा किंवा दर दोन वर्षांनी नवं करायचा परवाना आमच्या वाट्याला आलेला नाही. भरतीची परीक्षा दिली, विभागीय परीक्षा झाल्या, बदली जिथे होईल तिथे. काल पाणीपुरवठ्यात होतो, आज अतिक्रमणात. कायदा मी हेडक्लार्क काकांकडून शिकलो. ते निवृत्त झाले तेव्हा खरंच पोरकं वाटलं. तुमच्याकडे हे शिकणं ठरवून होतं याचा हेवा वाटला. एक विचारतो: घरात शिरायचा अधिकार तुम्हाला कितपत? आणि नगरसेवकाचा फोन येतो का?

मृण्मयी_टेक्सास

दादा, फोन येतो. कौन्सिल मेंबर विचारतात, अमक्या पत्त्याचं काय झालं. आमच्याकडे ठरलेलं आहे की तो फोन वरिष्ठांकडे जातो आणि फाइलीत त्याची नोंद होते. त्यानं पुष्कळ फरक पडतो.

घरात शिरण्याचं विचारलंत ते फार बरं केलंत, कारण माझ्या मते अख्ख्या 36 तासांत तोच भाग सोन्यासारखा आहे. 1967 साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात एक खटला झाला, कॅमारा विरुद्ध सॅन फ्रान्सिस्कोचं म्युनिसिपल कोर्ट. तळमजल्यावर राहणाऱ्या एका भाडेकरूनं वॉरंट नाही म्हणून निरीक्षकांना आत येऊ दिलं नाही, पुन्हा पुन्हा नाही म्हणाला. त्याच्यावर फौजदारी गुन्हा लावला गेला. न्यायालयानं त्याच्या बाजूनं निकाल दिला: घराची तपासणीही झडतीच आहे, राहणाऱ्याची संमती नसेल तर वॉरंट लागतं. त्याच दिवशी सिॲटलच्या खटल्यात व्यापारी जागांनाही तेच लागू झालं. टेक्सासच्या फौजदारी प्रक्रियेत कलम 18.05 आहे, आग, आरोग्य आणि कोडच्या तपासणीच्या वॉरंटसाठी.

रोजच्या कामात याचा अर्थ असा. मी रस्त्यावरून, फूटपाथवरून दिसेल ते बघू शकते. दारावर थाप मारायला दारापर्यंत जाऊ शकते. दार उघडलं आणि 'या आत' म्हणाले तर जाते, आणि कोण म्हणालं, किती वाजता, ते लिहिते. 'नको' म्हणाले तर 'बरं, आभारी आहे' म्हणून मागे फिरते. पहिल्या वर्षी एका घराच्या मागच्या अंगणातून घाण वास येत होता, फाटक अर्धवट उघडं होतं. मी हात पुढे केला होता. सोबतच्या वरिष्ठ बाईंनी माझ्या कोपराला हलकेच धरलं आणि म्हणाल्या, शेजाऱ्यांना विचारू, त्यांच्या अंगणातून दिसतं का. शेजाऱ्यांनी आनंदानं आत घेतलं, तिथून सगळं दिसलं, फोटो मिळाले. तिथे फाटक ढकललं असतं तर ती अख्खी केस हातची गेली असती. त्या बाईंचा हात अजून कोपरावर जाणवतो, कुठल्याही फाटकापुढे उभी राहिले की.

हडसनकाठ

मी न्यूयॉर्क राज्यात, एका टाउनच्या बिल्डिंग विभागात. कोयना, टेक्सासचं सगळीकडे लागू समजू नकोस. आमच्याकडे प्रमाणपत्र राज्य देतं, मूलभूत प्रशिक्षण खूप लांबलचक आहे आणि नंतर दर वर्षी 24 तास. दर वर्षी. बिल्डिंग सेफ्टी इन्स्पेक्टरला 6. काही राज्यांत राज्याची नोंदणीच नसते, तिथे शहरं इंटरनॅशनल कोड कौन्सिलचं प्रॉपर्टी मेंटेनन्स किंवा झोनिंगचं प्रमाणपत्र मागतात, ते दर तीन वर्षांनी नवं करावं लागतं. राज्य बदललं की पाटी कोरी, हे धरून चाल.

कोयनाकाठ

मृण्मयीताई, हडसनकाठ, मनापासून आभार. अर्ज टाकला! एक शंका. टेक्सासला दोन वर्षांत किती तास? मी 12 वाचलं. ते तर महिन्याला अर्धा तास झाला. मग नूतनीकरणाची लोक एवढी धास्ती का घेतात?

मृण्मयी_टेक्सास

12च. त्यातला एक तास कायदा आणि नियमांतल्या बदलांचा. कमी आहेत म्हणूनच घात होतो. हे मी इथे लिहिणार नव्हते, पण लिहायला हवं.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. त्या दोन वर्षांत मी स्वतःच्या हिशेबानं 13 तास केले होते. शेवटच्या महिन्यात टीडीएलआरच्या साइटवर नावापुढे 11च दिसले. एक वेबिनार मी ज्या संस्थेचा केला होता, तिला त्या विषयासाठी मान्यताच नव्हती. प्रमाणपत्र सुंदर होतं, लोगोसकट, पण राज्याच्या लेखी शून्य. मला वाटलं, आणखी एक तास काय, पुढच्या आठवड्यात करू. त्याच आठवड्यात सासूबाईंना पुण्यात दवाखान्यात हलवलं, मी फोनवर रात्रंदिवस. नोंदणीची तारीख शुक्रवारी उलटून गेली आणि मला सोमवारी पत्ताच नव्हता.

त्या सोमवारी मी एका रिकाम्या घराला नोटीस लावली. मागे तलाव, पाणी हिरवंगार, तळ दिसत नव्हता, कुंपणाच्या दोन फळ्या गळालेल्या. शेजारच्या घरात दोन वर्षांची मुलगी. तिची आईच तक्रार घेऊन आली होती, मुलीला कडेवर घेऊन, आणि मुलगी सारखी त्या फटीकडे बोट दाखवत होती. मालक दुसऱ्या राज्यात. त्यानं काही केलं नाही, प्रकरण म्युनिसिपल कोर्टात गेलं. त्याच्या वकिलानं नोटिशीची तारीख आणि माझ्या नोंदणीची तारीख शेजारी शेजारी ठेवली. तीन दिवसांचा फरक. आमच्या सिटी ॲटर्नीनं (शहराच्या वकिलानं) वाद न घालता केस मागे घेतली, दुसऱ्या ऑफिसरच्या सहीनं नवी नोटीस निघाली, मुदत पहिल्यापासून. शहरानं मधल्या काळात नारिंगी जाळी लावली, तेवढीच. मी रोज संध्याकाळी कामावरून येताना त्या रस्त्यानं गाडी न्यायचे, जाळी जागेवर आहे ना बघायला. पाणी उपसून फळ्या बसल्या तोवर सव्वा महिना जास्त गेला. त्या मुलीला काही झालं नाही. झालं असतं तर मी हे काम करू शकले नसते.

पैशांचं म्हणाल तर उशीर 90 दिवसांच्या आत असेल तर दीडपट शुल्क, त्यापुढे दुप्पट. ते भरलं आणि विसरले. दोन आठवडे टेबलावर बसवलं होतं तेही विसरले. तो सव्वा महिना मात्र विसरले नाही.

तेव्हापासून मी असं करते. पहिल्या वर्षाच्या आत 12च्या 12 तास पूर्ण. प्रत्येक कोर्सनंतर पंधरा दिवसांनी साइटवर जाऊन बघते की तो माझ्या नावावर चढला का. तास चढवायचं काम कोर्स देणाऱ्याचं असतं, पण नाव तुझं आहे. नोंदणीवरचा ईमेल स्वतःचा ठेव, ऑफिसचा नको, शहर बदललं की ऑफिसचा ईमेल जातो आणि आठवणीचं पत्र कुणाच्याच पेटीत पडत नाही. आणि विषय निवडताना सोपे म्हणून निवडू नकोस. कायद्याचा एक तास सक्तीचा आहे, मी चार-पाच करते. न्यायालयं बदलतात, विधानसभा दर दोन वर्षांनी बसते, आपल्या नोटिशीचा मजकूर त्याबरोबर बदलावा लागतो.

सातपुडा

ताई, वाचून अंगावर काटा आला. आमच्याकडे नोटीस बजावणाऱ्याच्या अधिकाराचा मुद्दा काढून वकील स्थगिती आणतातच. अधिकार प्रदान केल्याचा आदेश फाइलीत जोडलेला नसला की संपलं. उद्या सकाळी माझ्या विभागातल्या सगळ्या चालू फाइलींना तो आदेश लावलाय का ते तपासणार आहे.

जुनावकील

कायद्याच्या तासांवरून आठवलं. टेक्सास सर्वोच्च न्यायालयाचा 2012चा सिटी ऑफ डॅलस विरुद्ध स्टुअर्ट हा निकाल या पेशातल्या प्रत्येकानं वाचावा. शहराच्या मंडळानं घर 'न्यूसन्स' ठरवून पाडलं. मालकिणीनं भरपाई मागितली. न्यायालयानं सांगितलं की मंडळाचा निष्कर्ष हा अंतिम शब्द नाही, घर खरोखर न्यूसन्स होतं का हे न्यायालय नव्यानं तपासेल. म्हणजे पाडकामाच्या केसमध्ये तुमचे फोटो, मोजमापं आणि तारखा वर्षांनंतर न्यायाधीशापुढे स्वतःच्या पायावर उभ्या राहायला हव्यात. मी नागपुरात पालिकेच्या केसेस चालवल्या, आता मुलाकडे ह्यूस्टनला असतो. दोन्हीकडे केस बुडते ती बहुतेक वेळा कागदामुळे.

कोयनाकाठ

चार महिन्यांनी परत आले. नोकरी लागली! 36 तास शहरानं करून दिले, परीक्षा पहिल्या खेपेला गेली, दुसऱ्या खेपेला पास. पहिल्या वेळी मुदतींवर गोंधळले, ताई म्हणाल्या होत्या तसंच. आता ऑफिसर-इन-ट्रेनिंग. स्वयंपाकघराच्या भिंतीवर मोजपट्टी माझ्याही आहे. गवत मोजण्यावरून बोलणारे आता स्वतःच विचारतात, आज कुठल्या घरी गेली होतीस.

काल आमच्या अपार्टमेंटच्या तलावाचं फाटक सहज मोजलं. कडी 51 इंचांवर, आणि कळ बाहेरच्या बाजूला. 54च्या खाली आहे, म्हणजे चूक ना?

मृण्मयी_टेक्सास

अभिनंदन गं! पेढे पाठव.

चूक आहे, पण तू सांगतेस त्या कारणानं नाही. भाड्याच्या अपार्टमेंट संकुलांतल्या तलावांना टेक्सासचा वेगळा कायदा आहे, हेल्थ अँड सेफ्टी कोडचं प्रकरण 757. तिथे कडी जमिनीपासून किमान 60 इंच, त्याहून खाली असेल तर ती फक्त आतल्या बाजूला हवी आणि तिच्यापर्यंत हात पोचेल अशी फट नको. राज्याचा कायदा आधी बघायचा, मग शहराचा कोड, ही सवय आत्ताच लाव. आणि मोजलंस तशी आणखी दोन गोष्टी बघ: फाटक अर्धं उघडून सोडलं तर आपोआप पूर्ण बंद होऊन कडी बसते का, आणि ते उघडतं कुठल्या दिशेला. पाण्यापासून दूर, बाहेर उघडायला हवं. लहान मूल फाटकाला टेकलं तर ते आत ढकललं जाऊ नये म्हणून.

कोयनाकाठ

आत्ता खाली जाऊन बघून आले. सोडलं की चार बोटं उघडं राहतं, स्प्रिंग गेलीय. आणि उघडतं पाण्याकडे. ऑफिसच्या बाईंना दाखवलं. त्यांनी माझ्यासमोर दुरुस्तीवाल्याला फोन लावला आणि तोवर फाटकाला साखळी कुलूप घातलं.